कुंकू लावणारी बाई

हर्षवर्धन चौगुलेला डेंग्यू झाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की कामाच्या दिवशी भर दुपारी हा माणूस घरात, सोफ्यावर, पांघरुणात, आणि समोर टीव्ही चालू! एरवी ताप अंगावर काढून मीटिंगा करणारा प्राणी. पण या वेळी डॉक्टरांनी दमच भरला होता. प्लेटलेट उतरल्यात, लॅपटॉप उघडलात तर सरळ ॲडमिट करीन. त्यामुळे त्याची बायको केतकी सकाळी ऑफिसला निघताना शहाळ्याचं पाणी काढून ठेवून गेली, पपईच्या पानांचा रस ठेवून गेली, आणि लॅपटॉप घेऊन गेली. स्वतःच्या बॅगेत घालून!

"हे काय गं?"

"हे असंच. रस पी, तोंड वाकडं न करता. आणि टीव्ही बघ. लहानपणी आजारी पडल्यावर बघायचास ना, तसा."

ती सहज बोलून गेली. पण ते वाक्य ह्याच्या डोक्यात राहिलं.

कारण लहानपणी आजारी पडणं म्हणजे काय मजा होती! घर कोल्हापुरात, आई घरीच शिवणकाम करायची, बाहेरच्या खोलीत तिची मशीन. हर्षाला ताप आला की त्याची गादी मशीनच्या शेजारी यायची, वर मऊभात-मेतकूट, आणि दुपारी टीव्हीवर आदल्या दिवशीच्या मालिका परत लागायच्या त्या दोघं मिळून बघायची. आई पायानं मशीन चालवत, डोळ्यांनी टीव्ही बघत, तोंडानं मालिकेतल्या सासूला शिव्या घालत. "बघ, बघ हर्षा, खोटं बोलायला लागली भवानी. आता सापडती का न्हाई बघ!" आणि सासू सापडली की मशीन थांबायची, आई टाळी द्यायची, आणि ह्याला ताप आहे हे दोघंही विसरायची.

तर ते आठवून त्यानं टीव्हीला सांगितलं, "सोनसळीचं अंगण लाव."

आता ही मालिका का? तर ही आईची मालिका. म्हणजे आई तिच्यात होती!

झालं होतं असं. हर्षवर्धन नुकता पुण्यात नोकरीला लागला होता. पहिल्या पगारात त्यानं आईला साडी घेतली, फोनवरूनच निवडली, आणि पार्सल घरी गेल्यावर आईचा फोन. "वांग्याचा रंग निवडलास होय रे बाबा? ये आता घरी, भरली वांगी करून घालतो तुला." कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो, येतो. ती हसत होती, पण ब्लाउज तिनं त्याच रात्री शिवला, हे ताईनं नंतर सांगितलं.

आणि त्याच वर्षी ह्या मालिकेचं शूटिंग कोल्हापूरजवळ आलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचा प्रसंग होता, अंगणभर बायका हव्या होत्या, आणि माणूस गल्लीत फिरून सांगून गेला की आपापल्या चांगल्या साड्या नेसून या. गल्ली रिकामी झाली! आईचं नशीब असं की नायिकेला, म्हणजे शर्वरीला, कुंकू लावायला एक बाई हवी होती, आणि कॅमेरा समोर आला की बाकीच्या बायकांचा हात थरथरायचा. आईचा नाही. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेला हात तो. शिवाय तिला एक वाक्यपण मिळालं.

"परवा संध्याकाळी तो भाग लागणार हाय," तिनं फोन केला. "चुकवू नको."

ह्यानं चुकवला. मोठं काही कारण नव्हतं हो. ऑफिसातली पोरं जेवायला चालली होती, हा गेला. आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन.

"बघितलास काय?"

"बघितला की! भारी दिसलीस."

"खरंच? मग सांग बघू, कुठली साडी नेसलीवती?"

हळदीकुंकू म्हटल्यावर काय, ह्यानं अंदाज मारला. "हिरवी."

पलीकडे चाललेली मशीन थांबली. मग आई म्हणाली, "बरोबर. हिरवीच. डोळं चांगलं हाईत की तुझं." आणि लगेच विषय बदलून विचारलं, जेवलास का.

सुटलो, असं वाटलं त्याला. आणि नंतर बघू, नंतर बघू म्हणता म्हणता राहूनच गेलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तो भाग त्यानं कधीच बघितला नव्हता.

तर आता, डेंग्यूच्या कृपेनं, तो बघायला बसला. भाग शोधायला वेळ लागला नाही. अंगण, तुळस, चैत्रगौर झोपाळ्यात बसलेली, आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले, बायकांचा कलकलाट. हर्षवर्धन उठून बसला. पांघरूण खाली पडलं. शर्वरी पाटावर बसली, आणि एक बाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली.

आई नव्हती.

गोरी, चाळिशीची, गुळगुळीत चेहऱ्याची कोणीतरी बाई. हसली, कुंकू लावलं, गेली.

दुसरा प्रसंग असेल, म्हणून त्यानं भाग पुढे पळवला. दुसरा प्रसंग नव्हता. मग मागे आणला, परत लावला. शर्वरी पाटावर बसली, बाई करंडा घेऊन पुढे आली, आणि ह्याच्या अंगावर काटा आला, कारण ही बाई वेगळी होती! ही सावळी, चष्मा लावलेली. साडी वेगळी. परत लावला. आता एक म्हातारी. परत. एक विशीतली पोरगी, नाकात चमकी.

तुम्हाआम्हाला वाटलं असतं की ताप डोक्यात गेला. त्याला तसं वाटलं नाही. त्याला सगळं कळलं, आणि ते जास्त वाईट होतं. कारण हे यंत्र त्याच्याच कंपनीचं होतं, आणि ह्या प्रकाराला नावसुद्धा त्यानंच दिलं होतं. विरळणी.

आजोबांच्या शेतात त्यानं बाजरीची विरळणी बघितली होती. रोपं दाट झाली की मधली मधली उपटून टाकायची, म्हणजे उरलेल्यांना पाणी पुरतं. इथंही प्रश्न पाण्याचाच होता. जगातले सगळे जुने कार्यक्रम ज्या सर्व्हरांत ठेवलेले, ते थंड ठेवायला पाणी लागायचं, आणि उन्हाळ्यात माणसांना प्यायला नसताना यंत्रांना कोण देणार? शेवटी सरकारनं सांगितलं, साठा कमी करा. तेव्हा हर्षवर्धनच्या गटानं ही युक्ती काढली. मालिकेतले मुख्य चेहरे जसेच्या तसे ठेवायचे. बाकी सगळ्याचं फक्त वर्णन ठेवायचं. अंगण, तुळस, बऱ्याच बायका, त्यातली एक कुंकू लावते. बास. खरी चित्रं पुसून टाकायची. मग कुणी तो भाग लावला की यंत्र त्या वर्णनावरून अंगण आणि बायका तिथल्या तिथं रंगवणार, आवाजासकट. दर वेळी नवीन. हजारो मालिका मूठभर जागेत मावल्या, पाणी वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि गंमत म्हणजे एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही.

कोणाला ठेवायचं आणि कोणाला उपटायचं? सोपं होतं. ज्यांचं नाव श्रेयनामावलीत आहे ते राहणार, बाकी गर्दी.

ठरवायच्या मीटिंगमध्ये त्याच्या गटातल्या नमिता कुडाळकरनं विचारलं होतं, "सर, नाव नसलेल्यांचं काय?"

"अगं, त्यांच्याकडे कोण बघतंय?" हा म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

"घरचे बघत असतील की."

"मग घरच्यांकडे असेल रेकॉर्डिंग."

आणि पुन्हा सगळे हसले होते. चहा आला होता तेवढ्यात.

रेकॉर्डिंग! त्यानं घाईघाईनं ताईला फोन लावला. तेजस्विनीताई, त्याच्याहून मोठी, कोल्हापुरातच सासर, आईच्या शेवटच्या वर्षांत आईजवळ तीच होती.

"काय रे, बरं वाटतंय का? रस घेतलास? आवाज असा का येतोय?"

"ताई, आईचा तो भाग, हळदीकुंकवाचा. तुझ्याकडे आहे का कुठं? फोनमध्ये, कशातही?"

"कुठला ठेवायला? अरे लागतंय की ते सारखं. कशाला ठेवतंय कोण?"

"आई कशी दिसत होती त्यात?"

"मी एकदाच बघितलो, शेजारच्या पंधरा जणी घरात बसलेल्या, आम्हाला काय दिसतंय त्या गोंधळात. झाली की आता कितीतरी वर्षं. आणि मला काय विचारतोस? तू बघितलावतास की! आई किती खूश होती. हर्षानं पुण्यात बसून बघितलं म्हणून गल्लीत सांगत होती."

हर्षवर्धननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना?" आणि मग ताई जरा हळू आवाजात म्हणाली, "तरी शेवटी शेवटी तिला त्या मालिकेचंच वेड लागलंवतं बघ. लावायची आणि म्हणायची, तेजू, ही मी न्हाई गं. माझ्या जागी दुसरीच बाई बसवलीया. दुसऱ्या दिवशी म्हणायची, आज आणि तिसरीच आली. मला इतकं भ्या वाटायचं. मी तुला फोन केलोवतो, आठवतंय ना? तूच म्हणालास, डॉक्टरला दाखव."

आठवत होतं त्याला. मीटिंगमधून बाहेर येऊन उचलला होता तो फोन. ताई म्हणाली होती, आईला टीव्हीत आपल्या जागी दुसऱ्या बायका दिसायला लागल्यात. आणि जगात अशी चार-पाच माणसं असतील ज्यांना ते ऐकून लगेच कळलं असतं की बाई शंभर टक्के खरं बोलतेय! त्यातला हा एक. आणि ह्यानं कुठली मालिका, काय दिसतं, एवढंसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, वय झालं, विसरायला लागली असेल, चांगल्या डॉक्टरला दाखव.

"डॉक्टरांनी गोळ्या दिल्या," ताई म्हणाली. "मग बोलायची बंदच झाली त्याबद्दल. टीव्ही लावायची, पण बोलायची न्हाई. गोळ्यांनी फरक पडला, असंच वाटलं आम्हाला."

"ताई."

"काय?"

त्याला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. "काही नाही. ठेवतो," म्हणाला.

टीव्हीवर चित्र थांबलेलं, अंगणातली एक अनोळखी बाई पन्ह्याचा पेला धरून त्याच्याकडे बघत हसतेय. मग त्यानं नमिताला फोन लावला. ती घाबरली, साहेब आजारपणात फोन करतायत म्हणजे काय जळलं कुणास ठाऊक.

"मूळ प्रत? सर, मूळ कुठली राहिली आता? पुसल्यावरच सही करतो ना आपण. तुमचीच सही आहे."

"माहितेय गं. तरी. एखादा तुकडा, काहीही."

"कुणाचा हवाय?"

"नाव नसलेली बाई आहे एक."

नमिताला मीटिंग आठवली असणार, पण चांगल्या घरची पोरगी, काही बोलली नाही. "ती ज्यांच्याबरोबर होती त्या मुख्य होत्या का?"

"हो. शर्वरी."

"मग शर्वरीचे जवळून घेतलेले शॉट बघा, सर. मुख्य चेहऱ्याच्या भोवतीची चौकट आपण मूळ ठेवतो. तिथं यंत्र काही रंगवत नाही. त्या चौकटीत कुणाचं काही आलं असेल तर ते खरं असेल."

फोन ठेवायच्या आधीच त्यानं भाग लावला. करंडा घेऊन बाई आली. ही पण खोटी, या वेळी ठेंगणी, गोल चेहऱ्याची. मग कॅमेरा शर्वरीच्या जवळ गेला, पडदाभर तिचं कपाळ, खाली वळलेले डोळे, आणि बाजूनं एक हात आत आला.

ह्यानं चित्र थांबवलं.

हात सावळा होता. अनामिकेवर कुंकू. आणि दुमडलेल्या तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं, दोन भागांत वाढलेलं. मशीनची सुई आरपार गेली होती त्या बोटातून, हर्षा तेव्हा शाळकरी पोर, गादीवर तापात होता, टीव्ही बघत होता. आई मालिकेतल्या सासूवर चिडली आणि बोट सुईखाली गेलं. रक्त बघून हा रडायला लागला, तर आई बोट तोंडात धरून म्हणते, "गप, गप, तिकडं बघ, ती सासू सापडली बघ!"

आई होती. एवढीशी, मनगटापासून बोटांपर्यंत, पण आई होती.

त्यानं चित्र हळूहळू पुढे सरकवलं. हात कपाळाला लागला, जराही न थरथरता कुंकवाचा गोल उमटला. मग हात वर उचलला गेला, मागे वळला, आणि जाता जाता चौकटीत ब्लाउजची बाही आली. बाहीला मोहरीच्या रंगाचा काठ. खांद्यावरून घसरलेला पदर, जरासाच.

वांगी रंगाचा.

हर्षवर्धन उठला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, लहानपणी आई ओरडायची तेवढा जवळ. साडी त्याची होती. त्यानं दिलेली. कॅमेऱ्यासमोर जायची वेळ आली तेव्हा तिनं घरातल्या सगळ्या साड्यांतून ही काढली होती. म्हणजे फोनवर तिनं विचारलं, "कुठली साडी नेसलीवती?" ते परीक्षा घ्यायला नव्हतंच. तिला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि तो म्हणाला हिरवी, आणि ती म्हणाली, बरोबर.

बरोबर. हिरवीच.

आणि मग गल्लीत सांगत फिरली, पोरानं पुण्यात बसून बघितलं.

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. पपईचा रस तसाच होता, त्यावर साय धरल्यासारखा हिरवा थर आलेला. हर्षवर्धननं फोन उचलला आणि स्वतःच्या कामाच्या खात्यातून टीव्हीत शिरला. लॅपटॉप नेला म्हणून काय झालं, यंत्र त्याचंच होतं. ह्या मालिकेचं वर्णन उघडलं. तिथं लिहिलं होतं: एक बाई कुंकू लावते. त्यापुढे जागा होती. त्या जागेत फोटो घातले, चेहरा सांगितला, की यंत्र यापुढे दर वेळी तीच बाई रंगवणार होतं. सगळ्यांच्या घरी, सगळ्या टीव्हींवर. आईचे फोटो होते त्याच्याकडे, भरपूर होते. लग्नातले, गणपतीतले, ताईच्या डोहाळजेवणातले. त्यानं भराभर निवडले. चढवले.

मधेच त्याच्या डोक्यात आलं की त्या अंगणात अजून कितीतरी बायका होत्या. आपापल्या चांगल्या साड्या नेसून गेलेली अख्खी गल्ली. त्यांचा हातसुद्धा कुठल्या चौकटीत आला नसेल. त्यांची पोरं कधीतरी आजारी पडतील आणि दुपारी घरी बसून हा भाग लावतील, तेव्हा? त्याचं बोट जरा थांबलं. पण तेवढ्यात फोटो चढून झाले होते, आणि यंत्र गोड आवाजात बोलायला लागलं. तो आवाजही त्याच्याच गटानं निवडलेला.

"व्यक्ती तयार होत आहे. खरी वाटावी म्हणून काही गोष्टी विचारते. साडी कुठल्या रंगाची होती?"

"वांगी," तो म्हणाला. मोठ्यानं, रिकाम्या घरात. "वांगी रंगाची. मोहरीच्या रंगाचा काठ. मी घेतलेली."

"छान," यंत्र म्हणालं. "नोंदवलं. ती बाई काय म्हणाली?"

त्याला वाक्य माहीत नव्हतं. आईनं एकदा सांगितलं असेल, नक्की सांगितलं असेल, फोनवर, आणि तो दुसरंच काहीतरी करत असेल. "ताईला विचारतो," तो पुटपुटला. ताईला विचारायचं म्हणजे आधी सगळं सांगायला लागणार होतं. गोळ्यांचंसुद्धा.

"चालेल, ते नंतर भरता येईल," यंत्र म्हणालं. समोर शर्वरीच्या कपाळावर कुंकू ओलं होतं, आणि चौकटीच्या कडेला वांगी रंगाचा तो एवढासा पदर, अर्धवट बाहेर गेलेला. त्याच्या पलीकडे यंत्रानं पांढरी जागा सोडली होती, बाईच्या आकाराची, चेहरा नसलेली.

"शेवटचा प्रश्न," यंत्रानं विचारलं. "कुंकू लावताना ती हसत होती का?"